गळणारं तेल आणि पहिली पत्रावळ

१२ डिसेंबर, गुरुवार. सकाळचे साडेनऊ. पोंभुर्ण्याच्या पुढच्या एका गावात, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, पत्रावळीच्या मशीनचा सिलिंडर खोलून मी फरशीवर बसले होते. काम एवढंच होतं: दांड्याकडून तेल गळत होतं, ते थांबवायचं.

मशीन साधं आहे. खाली एक तापलेला साचा, वर एक तापलेला साचा. वरचा साचा जाड लोखंडी दांड्याला लटकलेला असतो. तेलाच्या दाबाने दांडा खाली येतो, पळसाच्या पानांची टाचलेली पत्रावळ दोन साच्यांमध्ये दाबतो, सात-आठ सेकंद थांबतो आणि वर जातो. पत्रावळीला ताटासारखा काठ येतो. दांडा सिलिंडरमधून जिथे बाहेर पडतो तिथे रबराची एक कडी असते. तिला सील म्हणतात. दांडा दिवसातून शेकडो वेळा तिच्यातून सरकतो. सील झिजलं की तेल दांड्यावरून उतरतं, वरच्या साच्यावर पसरतं आणि काठावरून पत्रावळीवर टपकतं.

हे काम माझं. मी भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत वाढले, आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला. वर्गात मी एकटीच मुलगी होते. आता आठ-दहा गावांतल्या बचत गटांची मशिनं बघते. पिठाच्या गिरण्या, मिरची कांडप, पत्रावळीची दोन. फोन आला की पिशवीत पाने-पक्कड भरायचे आणि बस पकडायची. मी कामात चोख आहे हे मला माहीत होतं, आणि कोणी तसं म्हटलं की बरं वाटायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गटात आठ बायका. त्यांतल्या दोघींशी माझं बोलणं जास्त. एक गटाची सचिव, तिशीची, बारावी झालेली, जिभेला धार. दुसरी साठीच्या पुढची, जिला सगळ्या मोठी बाई म्हणतात. पानं कोणत्या झाडाची आणायची, किती सुकवायची, पाणी किती शिंपडायचं, हे तीच ठरवते. रविवारी त्यांच्या कुळाच्या देवाची पूजा होती. पाच-सहा गावांचे सोयरे येणार होते. देवापुढची पानं त्या हातानेच टाचतात, माणसांसाठी मशीनची चालतात. माणसांसाठी हजार-अकराशे लागणार होती, आणि सोमवारपासून प्रत्येक पत्रावळीच्या काठावर तेलाचा डाग उमटत होता. डागाची पत्रावळ पाहुण्यापुढे ठेवायची म्हणजे त्यांच्या गावाची अब्रू. मशीन चालायलाच हवं होतं.

सोमवारी मी एकदा येऊन गेले होते. आधीचं पातळ तेल काढलं, जाड घातलं. या तेलांना नंबर असतात, सेहेचाळीस काढून अडुसष्ट घातलं. जाड तेल फटीतून सावकाश सरकतं, म्हणून गळती कमी होते. पुस्तकात हेच लिहिलेलं आहे आणि थंड मशीनवर ते खरंही ठरतं. पण साचे तापले की दांडा तापतो, दांड्यालगतचं तेल तापतं आणि पुन्हा पातळ होतं. सकाळी नऊला एक थेंब नाही, बारा वाजता पहिल्यासारखंच. त्याहून जाड घातलं असतं तर पंप कण्हत बसला असता आणि दांडा वर जायला दुप्पट वेळ लागला असता.

खरा उपाय एकच होता, नवीन सील. त्या मापाचं सील तयार मिळत नव्हतं. चंद्रपूरला बसस्टँडमागे एक म्हातारे मिस्त्री आहेत, जॅक आणि हायड्रॉलिकची कामं करतात. मी त्यांना चाचा म्हणते. खरादावर, म्हणजे लेथवर, सील कापून देतो म्हणाले, पण शुक्रवारी सकाळी. मी तोवर फोनवर सचिवबाईला सांगून बसले होते, "गुरुवारी मशीन चालू करून देते. शब्द देते."

शब्द द्यायची काही गरज नव्हती. तिने मागितला नव्हता.

तर गुरुवारी मी सील काढून हातात धरलं होतं. आतली कड घासून चपटी झालेली. मोठी बाई माझ्या शेजारी उकिडवी बसून बघत होती.

"हे एवढुसं रबर?" ती म्हणाली. "याच्यापायी सारं अडलं?"

"याच्यापायीच."

"मंग गळू द्या नं बाई. पर गळनारंच हाय तं खाता येते असं तेल टाका. टोळीचं टाका, नाईतं तिळाचं."

मी हसले. वाईट हसले नाही, पण हसले. टोळी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल इकडे घरोघरी असतं, थंडीत तुपासारखं गोठतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं: टोळीचं तेल सकाळी गोठलं की पंप ओढणार नाही. तिळाचं पातळ आहे, जास्त गळेल, आणि गरम होऊन होऊन महिन्याभरात नळ्यांमध्ये डिंकासारखं चिकटेल. मशीनचं तेल मशीनचं असतं.

"महिना कोनाले पाह्यजे?" मोठी बाई म्हणाली. "आयतवारपावतर चालू द्या. मंग काहाडून टाकजा."

"मोठे बाई, म्याडमले शिकवून राह्यली का तू?" सचिव पलीकडून पानं मोजता मोजता म्हणाली. "थ्या शिकून आल्या हायेत. तू आपली पानं पाह्य."

सगळ्या हसल्या. मोठी बाईही हसली. मीही. मी जे सांगितलं त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त ती तीन दिवसांचा प्रश्न विचारत होती आणि मी वर्षभराचं उत्तर देत होते.

माझ्या पिशवीत ब्रेक ऑइलचा डबा होता.

गाडीच्या ब्रेकमधलं रबर त्या तेलासाठीच बनवलेलं असतं, त्याला काही होत नाही. दुसरं साधं रबर मात्र ते तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. फुगलेलं सील दांड्याला घट्ट धरतं आणि गळती थांबते. आठ-पंधरा दिवसांत तेच सील लोण्यासारखं होऊन फाटतं, पण तेवढ्यात काम निघून जातं. ही युक्ती मला चाचांनीच दाखवली होती, वीस वर्षांपूर्वी, एका ट्रकच्या जॅकवर. तेव्हा ते म्हणाले होते, ही फक्त ट्रक घरापर्यंत आणण्यासाठी.

मी बाहेर चुलीवर पाणी तापवलं, वाटीत ब्रेक ऑइल घेतलं, ती वाटी गरम पाण्यात ठेवली आणि सील त्यात तासभर भिजत घातलं. डब्यावर हिंदीत लिहिलं होतं की पोटात गेल्यास घातक. सचिवला वाचता येतं. मी डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला. तो हात कसा फिरला ते मला अजून आठवतं. दुसऱ्या कामाचा विचार करता करता आपण दार लोटून घेतो ना, तसा.

"हे काय म्याडम?" सचिवने विचारलंच. "सीलचं सूप?"

"मशीनचंच तेल आहे. वेगळ्या कंपनीचं."

"वास गोड येते."

"येतो थोडा."

तासाने सील काढलं. चांगलं फुगलं होतं. बसवायला जोर लागला. वाटीतलं उरलेलं मी टाकीत ओतलं, म्हणजे आतूनही सीलला लागत राहील. मशीन सुरू केलं. साचे तापेपर्यंत दांडा रिकामाच वर-खाली करत राहिले. मग पहिली पत्रावळ दाबली. कोरडी. दुसरी, दहावी, तिसावी, सगळ्या कोरड्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सचिव म्हणाली, "मानलं म्याडम! जादू हाय तुमच्या हातात."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पण पूर्ण बंद काही झालं नव्हतं. दांड्यावर एक पातळ ओल येत होती, दिसायची नाही, बोटाला लागायची. साच्याच्या मागच्या काठावर ती जमायची आणि पंचवीस-तीस पत्रावळींनंतर एखाद्या पत्रावळीच्या कडेला चकाकी यायची. मी फडकं घेऊन उभी राहिले आणि अधूनमधून दांडा पुसत राहिले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "नवीन बसवलंय, बसायला वेळ लागतो."

दीडच्या सुमारास चारशेच्या वर पत्रावळी झाल्या. जेवायला थांबलो. डब्यांत भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, सुकटाची चटणी. मोठी बाई उठली, गठ्ठ्यावरची पत्रावळ घेतली, फुंकर मारली आणि तिच्यावर भात वाढून घेतला.

"तुमच्याकडे स्टीलचं ताट आहे ना," मी म्हटलं.

"आमच्या घरची रीत हाय," ती म्हणाली. "पानं करनारीनं पह्यल्यांदा सोता जेवाचं. मंग दुसऱ्याले देवाचं. माह्या सासूनं शिकवलं. पान कडू निघालं, काटा राह्यला, तं आपल्या तोंडात. पाहुन्याच्या नाई."

चार वर्षं मी त्या गावात येत होते आणि हे मला माहीत नव्हतं. एरवी मी बारापर्यंत काम आटोपून निघायचे, त्यांच्याबरोबर जेवायला कधी थांबलेच नव्हते.

तिच्या पत्रावळीचा डावा काठ मला दिसत होता. चकाकी होती. बोटभर लांब, नखाइतकी रुंद. वरण त्या काठाला जाऊन लागलं होतं. ती डाव्या बाजूनेच भात कालवत होती.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. चार शब्द पुरले असते: त्यावर जेवू नका. मग तिने काऊन म्हणून विचारलं असतं. मग मला डबा वळवून दाखवावा लागला असता, आणि सचिवने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला असता. जादू म्हणून टाळ्या वाजवून दोन तास झाले होते. मी फडकं हातात घेऊन उभी राहिले. मनात हिशेब केला की थेंबभरच आहे, थेंबाने काही होत नाही. मोठी बाई जेवत राहिली. चटणी तिखट झाली म्हणून तिने सचिवला दोन शब्द सुनावले. मग बोटाने पत्रावळीचा काठ निपटून चाटला.

"या नं म्याडम," सचिव म्हणाली. तिने दुसरी पत्रावळ पुढे केली, वर भात वाढायला डावही उचलला. "तुमच्याच मशीनची हाय. तुमचाबी पह्यला मान."

"माझा उपास आहे," मी म्हटलं.

मी उपास करत नाही. कधीच केला नाही. सासरी पहिल्या वर्षी सांगून टाकलं होतं की मला जमणार नाही, आणि ते घरात सगळ्यांनी मान्य केलं. पण गुरुवार होता, मार्गशीर्ष होता, शब्द आपोआप तोंडातून आला. सचिवने पत्रावळ खाली ठेवली.

"अव माय, मार्गशीर्षातला गुरुवार! सकाळपासून उपाशी राबून राह्यल्या का तुम्ही?"

"सवय आहे."

मोठी बाई उठली. हात धुतले आणि बाहेर गेली. तिचं घर समाजमंदिराला लागूनच आहे. थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिच्या हातात पानांचा द्रोण होता. मशीनचा नव्हता. देवापुढे ठेवण्यासाठी तिने हाताने टाचून ठेवलेल्या द्रोणांतला एक. त्यात दोन उकडलेली रताळी, सोललेली, आणि वर गुळाचा खडा.

"खा," ती म्हणाली. "उपाशीपोटी मशीनजवळ उभं राहू नये. चक्कर येते."

मी खाल्ली. तेल लागलेल्या पानावर ती जेवली होती आणि स्वच्छ पानात मी.

टाचलेल्या पत्रावळी तेवढ्याच होत्या, म्हणून जेवणानंतर मशीन बंदच राहिलं. चारच्या बसने निघाले. मोठी बाई बसपर्यंत सोडायला आली. "उद्या सारं संपवतो आम्ही, तू येऊ नोको, उगाच दगदग," असं म्हणाली. बसमध्ये मला खिडकी मिळाली. चंद्रपूर येईपर्यंत मी तोच हिशेब करत होते. वाटीभरातलं सीलने किती प्यायलं, टाकीत किती गेलं, दांड्यावर किती आलं, एका काठावर किती. हिशेब बरोबर होता. एका काठावरच्या थेंबाने धडधाकट माणसाला काही होत नाही. पण दर वेळी हिशेब संपला की तिथेच अडायचे: काही होत नाही तर मग मी का जेवले नाही?

आणि रविवारी हजार माणसं जेवणार होती. त्यात पोरं असणार, पोटुश्या बाया असणार. सगळ्यांच्या आधी मोठी बाई एकटी जेवून बघणार, तिला पान कडू लागलं नाही म्हणून ते सगळ्यांना वाढणार. तिची रीत मी निकामी करून आले होते. कडू पान जिभेला कळतं, काटा बोटाला कळतो. जे गोड लागतं आणि दिसत नाही त्याला तिची सासू तरी काय करणार?

तिथून पुढची बस धरून घरी पोचल्यावर पिशवीही न ठेवता चाचांना फोन लावला. सील उद्या सकाळी सातला मिळेल का, एवढंच विचारायचं होतं.

"मिलेगा. तयार है," ते म्हणाले. "आज क्या किया फिर? मशीन बंद रखा?"

"नाही. ब्रेक ऑइलमध्ये फुगवून बसवलं."

मागे त्यांच्या दुकानातला खराद फिरत होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"पत्रावळी की मशीन में?"

"हो."

"जिसपे लोगां खाना खाते?"

"हो, चाचा."

"बेटी," ते म्हणाले, "मैंने तेरेको ट्रक घर तक लाना सिखाया था. ये नहीं सिखाया." मग, "किसी ने खाया?"

"एका बाईने."

"तूने?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "सात बजे आ," म्हणाले आणि ठेवून दिला.

नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो विचारत होता जेवली का, तर म्हटलं भूक नाही. ते मात्र खरं होतं.

सकाळी पहिल्या बसने चंद्रपूर गाठलं. चाचांनी सील कागदात गुंडाळून हातात दिलं. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या तेलघाणीवाल्याचं दार वाजवलं आणि तिळाच्या तेलाचे दोन डबे घेतले. पोंभुर्ण्याच्या बसमध्ये ते पायांमध्ये धरून बसले.

गावात उतरले तेव्हा मोठी बाई अंगण झाडत होती. तिला धडपणे उभी बघून मी जागीच थांबले. डबे खाली ठेवले.

"अव, आज काऊन आली?" ती म्हणाली. "नोको म्हटलं होतं तं."

"बाई, पोटात दुखलं का रात्री? मळमळ झाली?"

"नाई. काऊन?"

समाजमंदिरात सगळ्या आल्या होत्या. साचे तापत होते, दाबणं सुरू व्हायचं होतं. मी मशीनचं बटण बंद केलं, भिंतीजवळचा डबा उचलला आणि सचिवच्या हातात दिला. "वाच," म्हटलं. "मोठ्याने वाच." तिने वाचलं. मग मी सांगितलं. कालच्या साऱ्या पत्रावळी वापरायच्या नाहीत. मी काय टाकलं ते मला माहीत होतं. मोठ्या बाई जेवत होत्या तेव्हाही माहीत होतं. वेगळ्या कंपनीचं तेल म्हटलं ते खोटं होतं. उपास नव्हता.

त्या आपसांत गोंडीत बोलायला लागल्या. मला गोंडी येत नाही. चार वर्षांत शिकावी असं कधी वाटलं नव्हतं. मी उभी राहून ऐकत होते. आवाजावरूनच जे कळायचं ते कळत होतं. एक बाई उठून बाहेर गेली आणि थुंकून आली. मोठी बाई दाराशी उभी होती. केरसुणी अजून तिच्या हातात होती.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "रताळं चांगलं होतं का?"

"हो," मी म्हटलं.

"आता काय टाकतेस यात?"

"तिळाचं. नवीन सील आणलंय. तरी थोडं गळेल, ते पातळ आहे. रविवारपर्यंत चालेल. सोमवारी येऊन मी सगळं काढून धुऊन देईन."

"हेच काल मी म्हनून राह्यली होती."

"हो."

चारशे पत्रावळी आम्ही गावाबाहेर खड्ड्यात पुरल्या. जाळायच्या नाहीत असं मीच सांगितलं, धूर चांगला नसतो. चारशे पुन्हा टाचायच्या म्हणजे आठ जणींचं काम नव्हतं. सचिव घरोघरी जाऊन अजून बाया बोलावून आली. काय सांगून आली ते मी विचारलं नाही. ज्या आल्या त्या मला बघून आत गेल्या, पानांच्या ढिगाभोवती बसल्या.

मी सिलिंडर खोलला. जुनं सील काढलं, चिमटीत धरलं तर बोटांचे ठसे उमटत होते, एका दिवसातच. टाकी, नळ्या, पंप, सगळं तिळाच्या तेलाने तीनदा धुतलं आणि तिन्ही वेळचं तेल फेकून दिलं. साचे वाळूने घासले, साबणाने धुतले, कोरडे केले. नवीन सील बसवलं. तेल भरलं. साडेअकराला मशीन चालू केलं. दांडा हलका सरकत होता. साचे तापल्यावर दहाव्या-बाराव्या पत्रावळीला एक थेंब काठावर आला, पिवळा, तिळाच्या वासाचा. मी तो पुसला नाही.

पहिली पत्रावळ बाजूला ठेवली होती. आता ही थेंबवालीही तिच्यावर ठेवली आणि दोन्ही घेऊन मोठ्या बाईच्या पुढ्यात जाऊन बसले. सचिव वरच्या पत्रावळीवर भात वाढत होती. वाढता वाढता थांबली.

"म्याडम, आज शुक्रवार हाय," ती म्हणाली. "संतोषी मातेचा उपास असते. पाहा बा."

कोणी हसलं नाही. मोठी बाई पानं टाचत राहिली, पण तिची नजर माझ्या पत्रावळीवर होती.

"वाढ," मी म्हटलं.

तिने वाढलं. वरणही घातलं, थेंब होता त्याच बाजूला. मी त्या बाजूने जेवायला सुरुवात केली.